सेल स्ट्रक्चर पाठ होतं पण कळत नाही? मग बाहेरून आत वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एफवायबीएस्सीला मायक्रो, म्हणजे मायक्रोबायोलॉजी, घेतलंय, दहावीपर्यंत मराठी मीडियम, सेल स्ट्रक्चरचा चॅप्टर पाठ आहे, प्रोकॅरिओट (न्यूक्लियस नसलेली पेशी, म्हणजे बॅक्टेरिया) आणि युकॅरिओट (न्यूक्लियस असलेली, म्हणजे आपली) यांच्या फरकाचं टेबल झोपेतून उठवलं तरी लिहून देशील पण कळल्यासारखं काही वाटत नाही, प्रॅक्टिकलला एकाच कल्चरचा (लॅबमध्ये वाढवलेल्या बॅक्टेरियाचा) ग्राम स्टेन, म्हणजे बॅक्टेरिया ओळखायला रंग देण्याची पद्धत, कधी जांभळा येतो कधी गुलाबी, आणि पुढे लॅबमध्ये नोकरी लागली तर हे सगळं खरंच वापरतात का. मी मुंबईत हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, रोज वापरतो, आणि अख्ख्या सिलॅबसमध्ये सगळ्यात जास्त हाच चॅप्टर वापरतो. फक्त टेबलच्या स्वरूपात कोणी वापरत नाही. आम्ही पेशी बाहेरून आत बघतो आणि प्रत्येक भागाला तीन गोष्टी विचारतो: हा भाग काय काम करतो, हा तुटला तर काय होईल, आणि कुठलं औषध इथेच जाऊन लागतं. हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की पाठांतर निम्मं होतं, कारण मग प्रत्येक नावाला काहीतरी कारण चिकटतं.

आधी साइजचं बघू, कारण इथेच बहुतेक मुलांचा घोटाळा असतो. पुस्तकात बॅक्टेरियाचं पानभर चित्र असतं, आत रायबोसोमचे (प्रोटीन बनवणाऱ्या कणांचे) ठिपके, प्लास्मिडची (जादा डीएनएची) रिंग, मेंब्रेनचे दोन थर, आणि मग तू मायक्रोस्कोपखाली बघतोस तर नुसत्या जांभळ्या काड्या दिसतात आणि वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. काही चुकत नाहीये. ई. कोलाय साधारण २ मायक्रॉन लांब आणि अर्धा ते १ मायक्रॉन रुंद असतो, तुझ्या रक्तातली लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, आणि कॉलेजातला साधा लाइट मायक्रोस्कोप कितीही चांगला असला तरी ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. १०० एक्सची ऑइल इमर्शन लेन्स आणि १० एक्सचा आयपीस लावला की १००० पट मोठं दिसतं पण ती ०.२ची मर्यादा तिथेच राहते. म्हणजे आकार, मांडणी आणि रंग एवढंच तुला दिसणार. आतले सगळे बारकावे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं आणि केमिस्ट्रीनं शोधलेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा चॅप्टर सोपा वाटतो, कारण मग लक्षात येतं की स्टेनिंग म्हणजे जे दिसत नाही त्याच्याबद्दल रंगावरून अंदाज बांधणं.

आता सेल वॉल. माझ्या मते चॅप्टरचा जीव इथे आहे, टेबलमध्ये मात्र तिला एकच ओळ मिळते. बॅक्टेरियाच्या आत मीठ, साखर, अमिनो अॅसिड, प्रोटीन हे सगळं खच्चून भरलेलं असतं आणि बाहेर बहुतेक वेळा त्यामानानं पातळ पाणी, त्यामुळे ऑस्मॉसिसनं पाणी सतत आत घुसत असतं. ग्राम पॉझिटिव्ह बॅक्टेरियात हा आतला दाब २० अॅटमॉस्फिअरच्या आसपास जातो. पेशीचं मेंब्रेन नुसतं लिपिडचं पातळ पापुद्रं आहे, त्याला एवढा दाब झेपणारच नाही. सायकलचं टायर-ट्यूब आठव, हवा धरते ट्यूब पण दाब झेलतं टायर, आणि टायरला भगदाड पडलं की ट्यूब तिथून फुगून बाहेर येते आणि फुटते. मेंब्रेन म्हणजे ट्यूब, सेल वॉल म्हणजे टायर. ही वॉल पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे साखरेच्या दोन प्रकारच्या रेणूंच्या लांब साखळ्या, एनएजी आणि एनएएम, आणि त्या एकमेकींना अमिनो अॅसिडच्या छोट्या तुकड्यांनी आडव्या बांधलेल्या. ते आडवे बांध घालणारी एन्झाइम्स असतात आणि पेनिसिलिन नेमकं त्यांनाच जाऊन चिकटतं. बांध पडायचे थांबले पण पेशी वाढतच राहिली, जुनी वॉल कापून नवी घालायचं काम चालूच, मग कुठेतरी भगदाड पडतं आणि पेशी फुटते. आता यातून आपोआप काय काय कळतं बघ. पेनिसिलिन वाढणाऱ्या बॅक्टेरियावरच नीट चालतं, झोपलेल्यावर नाही. माणसाच्या पेशीला वॉलच नाही त्यामुळे पेनिसिलिनला आपल्या पेशीत मारायला जागाच नाही, अॅलर्जी होते ती वेगळ्या कारणानं. आणि मायकोप्लाझ्मा नावाचा बॅक्टेरिया, जो न्यूमोनिया करतो, त्याला वॉल मुळातच नसते, तर त्याला पेनिसिलिन दिलं काय आणि न दिलं काय सारखंच. व्हायव्हात हेच सगळं विचारतात, पाठ केलेली यादी म्हणून नाही तर "का" म्हणून.

फ्लेमिंगनं १९२८ला पेनिसिलिन बघितलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी त्यानंच लायसोझाइम शोधलं होतं, आपल्या अश्रूंमध्ये, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्यात असतं ते. तेही सेल वॉलवरच काम करतं, फक्त आडवे बांध सोडून साखरेची साखळीच कापतं. एकच भिंत, दोन वेगळ्या जागी घाव. असं जोडून वाचलं की लक्षात राहतं.

मग ग्राम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. हान्स ख्रिश्चन ग्रामनं १८८४ मध्ये ही पद्धत छापली तेव्हा त्याला पेप्टिडोग्लायकन वगैरे काही माहीत असणं शक्यच नव्हतं, त्याला फक्त दिसलं की काही बॅक्टेरिया जांभळा रंग सोडत नाहीत आणि काही सोडतात. कारण बरंच नंतर कळलं. पॉझिटिव्हमध्ये वॉल जाड, २० ते ८० नॅनोमीटर, थरावर थर. निगेटिव्हमध्ये ती जेमतेम २ ते ७ नॅनोमीटर, पण तिच्या बाहेर आणखी एक मेंब्रेन असतं, आउटर मेंब्रेन. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडिन पेशीत शिरून मोठा गठ्ठा बनवतात, मग अल्कोहोल घातलं की पॉझिटिव्हची जाड वॉल सुकून आवळते आणि गठ्ठा आतच अडकतो, निगेटिव्हचं बाहेरचं मेंब्रेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, पातळ वॉल काही रोखू शकत नाही, रंग धुऊन जातो आणि मग सॅफ्रॅनिन या दुसऱ्या रंगानं ती पेशी गुलाबी दिसते. म्हणजे जांभळा आणि गुलाबी दिसतो तो वॉलच्या बांधणीचा पुरावा आहे.

त्या आउटर मेंब्रेनकडे मात्र कोणी नीट बघत नाही आणि हॉस्पिटलमध्ये अर्धी डोकेदुखी तिथूनच येते. त्याच्या बाहेरच्या बाजूला लायपोपॉलिसॅकराइड असतं, एलपीएस, आणि त्यातला लिपिड ए म्हणजे एंडोटॉक्सिन. रक्तात ग्राम निगेटिव्ह वाढले की पेशंटला हुडहुडी भरून ताप येतो, बीपी पडतं, त्याच्यामागे मोठा हात याचा. दुसरं म्हणजे हे मेंब्रेन औषधं अडवतं. त्यात पोरिन नावाची प्रोटीनची भोकं असतात, त्यातून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) छोटे रेणू जातात. व्हॅन्कोमायसिन जवळपास १४५० डाल्टनचं आहे. ते वॉलवर काम करणारं उत्तम औषध, पण ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या ग्राम निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या वॉलपर्यंत ते पोचतच नाही, दारातच अडकतं. म्हणून ग्राम निगेटिव्हच्या रिपोर्टमध्ये व्हॅन्कोमायसिन आम्ही लावतच नाही. आणि काही बॅक्टेरिया पोरिनची संख्याच कमी करतात, किंवा आत आलेलं औषध पंप लावून परत बाहेर फेकतात, किंवा दोन मेंब्रेनच्या मधल्या जागेत, पेरिप्लाझममध्ये, पेनिसिलिन तोडणारी एन्झाइम्स भरून ठेवतात. पेरिप्लाझम हा शब्द तुझ्या डायग्राममध्ये एका बाणाच्या टोकाला लिहिलेला असेल. तो बाण आयसीयूपर्यंत जातो असं समज.

आता तुझ्या गुलाबी-जांभळ्याचं. एकाच कल्चरचं कधी असं कधी तसं येतं तेव्हा दोष बहुतेक वेळा चार-पाच जागांपैकी एका ठिकाणी असतो. पहिली गोष्ट स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुना, मुलं भरपूर कॉलनी (प्लेटवर उगवलेला बॅक्टेरियाचा ठिपका) उचलतात आणि जाड लेप लावतात, मग खालच्या थरातला रंग धुतलाच जात नाही आणि निगेटिव्ह पण जांभळे दिसतात. कॉलनीचा टाचणीच्या टोकाएवढाच भाग घ्यायचा, थेंबभर सलाइनमध्ये नीट पसरायचा, आणि स्लाइडखाली पेपर धरला तर त्याच्यावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची, जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की स्मिअर लवकर वाळत नाही आणि घाईघाईत ओली स्लाइडच बर्नरवरून फिरवली जाते, मग पेशी अक्षरशः उकडतात, वॉल फाटते आणि पॉझिटिव्ह असूनही गुलाबी येतं. हवेत पूर्ण वाळू दे, मगच दोन-तीनदा ज्योतीवरून पटकन फिरव. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट डीकलरायझेशन, म्हणजे रंग धुणं. तुमच्या लॅबच्या बाटलीत ९५ टक्के अल्कोहोल आहे की अॅसिटोन आहे की दोघांचं मिक्स आहे हे आधी वाच, कारण अल्कोहोलला १५ ते ३० सेकंद चालतात पण नुसत्या अॅसिटोनला दोन-तीन सेकंद खूप झाले, तेवढ्यात पाणी घातलं नाही तर सगळंच गुलाबी. मैत्रिणीनं सांगितलेले सेकंद दुसऱ्या बाटलीला लावू नकोस. चौथी गोष्ट कल्चरचं वय. १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घे, जुन्या कल्चरमधल्या पॉझिटिव्ह पेशींची वॉल मोडकळीला येते आणि त्या रंग धरत नाहीत, बॅसिलसमध्ये तर हे फारच दिसतं, एकाच फील्डमध्ये काही काड्या जांभळ्या काही गुलाबी. आणि आयोडिन जुनं होऊन फिकं पडलंय का तेही बघ, आयोडिन गेलं तर गठ्ठाच बनत नाही. क्रिस्टल व्हायोलेट गाळून घेतलं नाही तर त्याचे खडे पडतात आणि ते हुबेहूब ग्राम पॉझिटिव्ह कॉकायसारखे (गोल बॅक्टेरियासारखे) दिसतात, त्यावर पहिल्या वर्षाची मुलंच काय ज्युनिअर डॉक्टरही फसतात.

या सगळ्यावर उपाय एकच, कंट्रोल. एकाच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकस, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय आणि मध्ये तुझा नमुना. स्टॅफ जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी आला तरच मधल्यावर विश्वास ठेवायचा. आमच्याकडे नवीन स्टेनची बाटली उघडली की आधी हेच करतात आणि यात कोणालाही सूट नाही.

नोकरीत कसं लागतं त्याचं एक उदाहरण देते. रात्री मणक्यातल्या पाण्याचा नमुना येतो, मेनिंजायटिसचा संशय, कल्चरला निदान एक दिवस लागणार आणि पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत होणारा ग्राम स्टेन हाच पहिला खरा रिपोर्ट. जांभळे जोडीजोडीनं, टोकाला निमुळते कॉकाय दिसले तर न्यूमोकोकस. गुलाबी जोड्या, पांढऱ्या पेशींच्या आत बसलेल्या, तर मेनिंगोकोकस, म्हणजे घरातल्या लोकांनाही औषध द्यावं लागणार. जांभळ्या छोट्या काड्या दिसल्या तर लिस्टेरियाचा विचार करायचा, आणि लिस्टेरियावर नेहमीची सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत, अॅम्पिसिलिन जोडावं लागतं. रंग, आकार, मांडणी, बस एवढ्याच माहितीवर फोन जातो आणि औषध बदलतं. कधी युरिनच्या स्मिअरमध्ये गुलाबी काड्यांच्या ऐवजी लांबच लांब दोरे दिसतात, तेव्हा समजायचं की पेशंटनं बाहेरून अँटिबायोटिक सुरू करून मगच नमुना दिलाय. का? कारण काही बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या जातीची) औषधं पेशी दुभागताना मधली भिंत बांधणारं एन्झाइम बंद पाडतात, पेशी लांब होत राहते पण तुटत नाही. ही गोष्ट कुठल्या फॉर्मवर लिहिलेली नसते, ती पेशीच सांगते.

मुंबईत राहून मायक्रो शिकतोयस तर टीबीचं वेगळं बघावंच लागेल. शिवडीचं टीबी हॉस्पिटल तुला माहीतच असेल. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं २४ मार्च १८८२ला टीबीचा बॅक्टेरिया जाहीर केला, तो ग्राम स्टेनला धड दाद देत नाही, कारण त्याच्या वॉलमध्ये पेप्टिडोग्लायकनच्या बाहेर मायकोलिक अॅसिडचा जाड मेणचट थर आहे. पाण्यातला रंग त्यातून आत शिरत नाही. म्हणून झील-नील्सनमध्ये कार्बोल फुक्सिन घालून खालून वाफ येईपर्यंत तापवतात, रंग आत ढकलतात, आणि एकदा गेलेला रंग २५ टक्के सल्फ्युरिक अॅसिडनंही निघत नाही, बाकी सगळं धुतलं जातं आणि मिथिलिन ब्लूच्या निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या उठून दिसतात. अॅसिड फास्ट म्हणतात ते हेच. आता या एका थरातून बाकीचं ओघानं येतं: अन्न आत घ्यायला वेळ लागतो, पेशी सावकाश वाढते, ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो तर टीबीला १५ ते २० तास लागतात, म्हणून एलजे मीडियमवर (टीबी वाढवायच्या खास खाद्यावर) कल्चर ६ ते ८ आठवडे ठेवावं लागतं, म्हणून उपचार महिनोन्महिने चालतात. आयसोनियाझिड मायकोलिक अॅसिड बनणंच थांबवतं, एथॅम्ब्युटॉल त्याच्या खालच्या साखरेच्या थरावर काम करतं, रिफॅम्पिसिन आत जाऊन आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमवर, आणि नवीन बेडाक्विलिन मेंब्रेनमध्ये बसलेल्या एटीपी सिंथेजवर, म्हणजे पेशीचं इंधन (एटीपी) बनवणाऱ्या एन्झाइमवर. चार औषधं, चार पत्ते. मेंब्रेनमध्ये एटीपी कसं काय असं वाटलं असेल, तर बॅक्टेरियाला मायटोकॉन्ड्रिया (आपल्या पेशीतलं ऊर्जाघर) नसतो, श्वसनाचं सगळं काम त्याच्या मेंब्रेनवरच चालतं. टेबलमध्ये "मायटोकॉन्ड्रिया: अॅब्सेंट" लिहून पुढे जातात, पण मग एनर्जी कुठून येते हा प्रश्न तू विचारायला हवास. आणि स्मिअर निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही असंही नसतं, थुंकीच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार बॅक्टेरिया असले तरच मायक्रोस्कोपखाली सापडण्याची शक्यता, त्यासाठी मॉलिक्युलर टेस्ट लागतात.

पावसाळ्यात लेप्टो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती आणि आजही रस्त्यावर पाणी तुंबलं की महापालिका सांगते, पायाला जखम असेल आणि पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरकडे जा, डॉक्सिसायक्लिनची गरज आहे का विचारा. हा बॅक्टेरिया मुख्यतः उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो. स्ट्रक्चर म्हणून तो फार सुंदर आहे, मळसूत्रासारखा पिळलेला, लांबी ६ ते २० मायक्रॉन पण जाडी फक्त ०.१ मायक्रॉन. आता वरचा ०.२चा आकडा आठव. म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसणारच नाही, डार्क फील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना दाखवणारा मायक्रोस्कोप, लागतो. त्याचा फ्लॅजेला, म्हणजे पोहायची शेपटी, बाकीच्यांसारखा बाहेर हलत नसतो, तो दोन मेंब्रेनच्या मध्ये, पेरिप्लाझममध्येच असतो आणि अख्खी पेशी गरगर फिरवतो, त्यामुळे घट्ट पदार्थातूनही तो वाट काढतो.

डॉक्सिसायक्लिनचा विषय निघालाच आहे तर आत जाऊ. आत न्यूक्लियस नाही, मेंब्रेनशिवायचा डीएनए, त्याला न्यूक्लिऑइड म्हणायचं. ई. कोलायचा डीएनए ४६ लाख बेस पेअरचा, सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या वर भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या शेकडो पट, तो प्रचंड पीळ घालून कोंबलेला असतो, आणि ते पीळ घालणाऱ्या-सोडवणाऱ्या एन्झाइमवर सिप्रोफ्लॉक्सासिन काम करतं. मग रायबोसोम, ७०एस, त्याचे भाग ५०एस आणि ३०एस. ५० आणि ३० मिळून ८० व्हायला हवेत ना, हे प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतंच आणि विचारायलाच हवं. एस म्हणजे वजन नव्हे, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगानं खाली बसतो त्याचं ते माप आहे, आणि तो वेग आकारावरही अवलंबून असतो, दोन भाग एकमेकांना चिकटले की आकार बदलतो, म्हणून साधी बेरीज चालत नाही. आपल्या पेशीत ८०एस असतो. हा फरक आहे म्हणून डॉक्सिसायक्लिन ३०एसवर आणि अॅझिथ्रोमायसिन ५०एसवर बसून बॅक्टेरियाचं प्रोटीन बनवणं थांबवतात आणि आपलं चालू राहतं.

पण पूर्ण चालू राहत नाही, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. आपल्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए आणि स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते बॅक्टेरियाच्या रायबोसोमच्या जवळचे आहेत, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी मायटोकॉन्ड्रिया स्वतंत्र बॅक्टेरियाच होता, दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिला. लिन मार्ग्युलिसनं १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा लोकांना सहज पटलं नव्हतं. आज आम्हाला ते वॉर्डात दिसतं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड बरेच दिवस द्यावं लागतं, मग काही पेशंटचं रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात, कारण ते औषध मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमलाही थोडंफार लागतं. काही घराण्यांत आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाचा एक बदल असतो आणि अशांना स्ट्रेप्टोमायसिन किंवा अॅमिकासिनच्या इंजेक्शननं कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. युकॅरिओट-प्रोकॅरिओट टेबलच्या दोन कॉलममधली रेष इथे पुसट होते, आणि ते लक्षात असलेलं बरं.

कॅप्सूल, पिली, फ्लॅजेला यांवर फार थांबत नाही, तीच तीन प्रश्नांची पद्धत लाव. कॅप्सूल, म्हणजे पेशीबाहेरचं चिकट आवरण, पांढऱ्या पेशींना गिळू देत नाही, पिली, म्हणजे केसांसारखे तंतू, चिकटायला, फ्लॅजेला पोहायला. युरिन इन्फेक्शन करणारा ई. कोलाय पिलीनं मूत्रमार्गाच्या आतल्या पेशींना घट्ट धरतो म्हणून लघवीबरोबर वाहून जात नाही, एवढं एक उदाहरण पुरे.

स्पोर मात्र नीट समजून घे. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम अडचणीच्या काळात पेशीच्या आत एक कडक कवचाचा स्पोर बनवतात, पाणी अगदी कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक अॅसिड भरलेलं, आणि तो पाण्याच्या उकळीलाही बधत नाही. म्हणून ऑटोक्लेव्ह १२१ अंशावर, १५ पाउंड दाबावर, १५ मिनिटं. नुसतं उकळणं म्हणजे स्टेरिलायझेशन नाही याचं कारण स्पोर. घरात बघायचं तर रात्रीचा भात. तांदळावर बॅसिलस सेरियसचे स्पोर असतात, भात शिजताना ते मरत नाहीत, आणि मुंबईच्या उकाड्यात तो भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते उगवतात, वाढतात आणि उलट्या करणारं टॉक्सिन बनवतात जे सकाळी फोडणीत परतूनही नष्ट होत नाही. फोडणीचा भात खाऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये, भात निवला की लगेच फ्रिजमध्ये गेला पाहिजे, बस. हँड सॅनिटायझरही स्पोर मारत नाही, तिथे साबण-पाण्यानं धुऊनच काढावे लागतात.

आणि बुरशी. कँडिडा ग्राम स्टेनला गडद जांभळा दिसतो आणि मुलं लिहून मोकळी होतात ग्राम पॉझिटिव्ह बॅक्टेरिया म्हणून. तो युकॅरिओट आहे, न्यूक्लियस आहे, वॉल आहे पण ग्लुकॅन आणि कायटिनची, पेप्टिडोग्लायकन नाही, त्यामुळे कुठलंही पेनिसिलिन चालणार नाही. साइज बघ, ३ ते ६ मायक्रॉन, स्टॅफ फक्त १ मायक्रॉनचा. शिवाय बाजूला कळी फुटलेली दिसते. त्याच्या मेंब्रेनमध्ये आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं आणि फ्लुकोनाझोल तेच बनू देत नाही.

प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनचं नाव मुंबईत मायक्रो शिकणाऱ्यानं ऐकलेलं असतंच. १८९६ला मुंबईत प्लेग आला, हाफकिन इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली स्वतःला टोचून घेतली. परळची आताची हाफकिन संस्था पुढची. तो ब्रॉथवर तूप तरंगत ठेवायचा, प्लेगचे बॅक्टेरिया तुपाच्या थराला धरून खाली लोंबत वाढायचे, मग तापवून मारलेल्या त्याच पेशी लस म्हणून द्यायचा. पेशी मेली तरी तिच्या पृष्ठभागावरच्या गोष्टी शरीराला ओळख पटवायला पुरतात, लसीचं तत्त्व तेच.

आता मराठी मीडियमचं. त्याची काळजी सोड, खरंच. नावं इंग्रजीच ठेव, कारण पेपरात आणि लॅबमध्ये तीच लागणार, पण समजून घेताना स्वतःशी मराठीत बोल, "हे नसेल तर काय फुटेल" असं. कोरा कागद घे, पेशीची बाहेरून आत एकेक रेघ काढ, कॅप्सूल, आउटर मेंब्रेन, पेरिप्लाझम, वॉल, मेंब्रेन, रायबोसोम, डीएनए, आणि प्रत्येक रेघेपुढे काम आणि औषध लिही. पॉझिटिव्हचा एक, निगेटिव्हचा एक, टीबीचा एक, कँडिडाचा एक. चार कागद झाले की टेबल पाठ करायची गरजच पडणार नाही.

प्रॅक्टिकलच्या सरांना विचारून दोन स्लाइड नक्की कर. एक दह्याच्या निवळीची, पाणी घालून पातळ केलेली, वाळल्यावर थोडं झायलीन घालून स्निग्धपणा काढलेली, मग ग्राम स्टेन: जांभळ्या काड्या आणि जांभळ्या कॉकायच्या साखळ्या एकत्र दिसतील, कल्चर न वाढवता. दुसरी स्वतःच्या गालाच्या आतली, स्वच्छ टूथपिकनं हलकेच घासून, मिथिलिन ब्लू एक मिनिट. त्यात ५०-६० मायक्रॉनची मोठी पसरट पेशी दिसेल, मधोमध निळा न्यूक्लियस, आणि तिच्या अंगावर चिकटलेले तोंडातले बारीक बॅक्टेरिया, म्हणजे युकॅरिओट आणि प्रोकॅरिओट एकाच फील्डमध्ये आणि त्यांच्या खऱ्या प्रमाणात. ती जर्नलमध्ये काढताना साइज मापात काढ, आणि पुढच्या वेळी ग्राम स्टेन विचित्र आला तर स्लाइड लगेच धुऊ नकोस, कंट्रोलसकट सरांना दाखव आणि बाटलीत कुठलं डीकलरायझर होतं तेही सांग.